अकरा आठवड्यांत तीन ऋतू: पिल्लाला ऊन, पाऊस आणि थंडीची सवय

नोव्हेंबरात जन्मलेलं पिल्लू पहिला पाऊस बघतं तेव्हा सात महिन्यांचं झालेलं असतं. तोवर त्याच्या डोक्यात जगाचा नकाशा पक्का झालेला असतो: जमीन कोरडी असते, आभाळ गप्प असतं, अंगावर वरून काही पडत नाही. मग जूनच्या पहिल्या सरीला ते दारातच चारी पाय रोवून बसतं आणि घरचे म्हणतात, "आमचं कुत्रं पाण्याला फार घाबरतं." घाबरतं हे खरं, पण त्याला पावसाची ओळखच कुणी करून दिलेली नसते.

पिल्लू नव्या गोष्टी फारशी शंका न घेता स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणजे फार तर अकरा आठवडे. आपल्याकडचा एकेक ऋतू चार-चार महिन्यांचा. त्यामुळे एका पिल्लाच्या वाट्याला या काळात एखादाच ऋतू येतो, फार तर दीड. एप्रिलमध्ये जन्मलेल्याला ऊन आणि पाऊस मिळतो, थंडी मिळत नाही. जुलै-ऑगस्टमधलं पिल्लू पावसात वाढतं आणि ऐन तीन महिन्यांचं होतं तेव्हा दिवाळी दारात उभी असते. गावठी कुत्र्यांची पिल्लं बहुतेक हिवाळ्याच्या आगेमागे जन्मतात, म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लांना पावसाची ओळख नसते, असा अनुभव सर्रास येतो. जो ऋतू बाहेर चालू आहे तो तर बाहेर मिळतोच. बाकीचे घरात तयार करावे लागतात. तेव्हा आधी कॅलेंडर घ्या, पिल्लाचा जन्माचा आठवडा लिहा (माहीत नसेल तर डॉक्टर दातांवरून अंदाज सांगतात), चौदावा आठवडा कधी संपतो ते बघा आणि त्यात कुठला ऋतू बसत नाही ते ठरवा. या लेखातलं बाकी सगळं त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

पहिले चार आठवडे: सवय नाही, फक्त ऊब

नवजात पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला धड कुडकुडताही येत नाही, आणि कुडकुडणं हीच शरीराची उष्णता तयार करायची युक्ती. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते मोठ्यांच्या जवळ येतं. तोपर्यंत "जरा थंडी सोसली तर काटक होईल" हा विचार सोडून द्या. काटक होत नाही, मरतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेवर २९ ते ३२ अंश हवेत, दुसऱ्यात २६ ते २९, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत हळूहळू २३-२४ वर आणायचं. थर्मामीटर खोक्याच्या तळाशी, पिल्लांच्या उंचीवर ठेवा. भिंतीवरचा आकडा जमिनीवर लागू होत नाही. उबेसाठी दिवा लावायचा तर जुन्या तारेचा किंवा इन्फ्रारेड. एलईडी बल्ब लावून "रात्रभर दिवा होता तरी पिल्लं गार पडली" म्हणणारे पुष्कळ असतात. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देतच नाही. दिवा खोक्याच्या एकाच टोकाला, दोन-अडीच फूट उंच टांगा, म्हणजे गरम झालं तर पिल्लांना सरकून दुसऱ्या टोकाला जाता येतं. गरम पाण्याची पिशवी वापरली तर टॉवेलात गुंडाळून, आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदलून. निवलेली पिशवी पिल्लाच्याच अंगातली ऊब ओढून घेते.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. एकमेकांच्या अंगावर ढीग करून किकाटत असली तर गार पडली आहेत. लांब लांब पसरून तोंड उघडं टाकलं असेल तर उकडतंय. ओळीने एकमेकांना टेकून शांत झोपली असली की ठीक. गार पडलेल्या पिल्लाला घाईने दूध पाजू नका. थंड शरीरात आतडी चालत नाहीत, दूध पचत नाही आणि फुप्फुसात जायची भीती असते. आधी कुशीत, कपड्याच्या आत, तास-दोन तास घेऊन सावकाश ऊब द्या, तोंडातला गारवा गेला की मग पाजा, आणि मधल्या वेळात डॉक्टरांना फोन करा.

तिसऱ्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत पिल्लाला तीन ते पाच सेकंद गार ओल्या कापडावर ठेवायचा व्यायाम काही ब्रीडर करतात. केला तर रोज एकदाच, तेवढेच सेकंद. न केल्याने काही बिघडत नाही; निरोगी आई आणि उबदार खोकं यांचा उपयोग त्याहून कितीतरी जास्त.

लशीआधी बाहेर न्यायचं कसं

इथे दोन गोष्टी एकमेकींना आडव्या येतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत, तीन महिन्यांना रेबीजची. म्हणजे लशी पुऱ्या होईपर्यंत शिकायचा काळ संपलेला असतो. पण पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-हगवणीचा) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे सोसायटीच्या बागेत पिल्लू सोडणंही परवडत नाही.

तोडगा असा की ऋतू दाखवायचा, जमीन नाही. पिल्लू कडेवर किंवा कापडी पिशवीत घेऊन दहा मिनिटं गेटपाशी उभं राहा. बाल्कनी, स्वतःची गच्ची, ज्या अंगणात परकी कुत्री येत नाहीत ते अंगण, स्कूटरची बंद डिकी सोडून उघडी कुठलीही जागा चालते. ऊन, वारा, पावसाचा वास, पत्र्यावरचा आवाज हे सगळं कडेवरून मिळतं. साचलेल्या पाण्याजवळ मात्र कडेवरूनही उतरवू नका. पावसाळ्यातल्या डबक्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात, आणि ते माणसालाही लागतात. लेप्टोची लस कधी आणि किती डोस हे डॉक्टरांना वेगळं विचारा, कारण प्रत्येक लशीच्या बाटलीत ती असतेच असं नाही.

पाऊस: झारी, तरट आणि टॉवेल

पावसाळा यायला अजून सहा महिने असले तरी पाऊस घरात शिकवता येतो. सामान थोडं: बागेची झारी, एक गोणपाटाचं तरट, दोन जुने सुती टॉवेल, आणि पिल्लाला सर्वात आवडणारा खाऊ. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे उत्तम. शाकाहारी घरात पनीरचे चालतात. सातव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू करा, दिवसातून एकदा, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पोट गच्च भरलेलं नको, रिकामंही नको.

पहिल्या दिवशी फक्त ओली फरशी. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत तरट भिजवून पसरा, त्यावर खाऊ टाका. तरटच का, तर ओल्या टाइलवर पिल्लाचे पाय फाकतात. एकदा घसरून आपटलं की त्याच्या लेखी दोष ओलेपणाचा. शिवाय वाढत्या वयात असं वारंवार घसरणं कमरेच्या सांध्यांनाही बरं नाही. दोन दिवस असं, मग तिसऱ्या दिवशी तीन फुटांवर झारीने पाणी ओता आणि पाणी पडत असतानाच खाऊ द्या. पिल्लू कान टवकारून बघेल, मग खाईल. पुढच्या दिवशी दोन फूट, मग एक. पाण्याकडे स्वतःहून चालत गेलं, थेंब चाटू लागलं की त्याच दिवशी पाठीवर कोमट पाण्याचे दोन-चार थेंब. डोक्यावर नाही, तोंडावर तर नाहीच. पाठीपासून सुरू करून आठवडाभरात खांद्यापर्यंत या. पाणी रोज थोडं कमी कोमट करत खोलीच्या तापमानाला आणा.

प्रत्येक वेळी शेवट टॉवेलने, आणि तोही खाऊ देत. हा भाग लोक घाईत उरकतात. खरा पावसाळा सुरू झाल्यावर दिवसातून चारदा पुसायचं आहे. पिल्लू टॉवेल बघून पलंगाखाली पळू लागलं तर चार महिने हालांत जातील. पुसताना चोळू नका, दाबून पाणी टिपा. क्रम ठरलेला असावा: पाठ, पोट, काखा, मग एकेक पंजा उचलून बोटांमधली खाच, शेवटी कान. बोटांमधली ओल तशीच राहिली तर चार दिवसांत तिथे लाली येते, पिल्लू पंजा चाटत बसतं, चाटल्याने आणखी ओल, आणि मग बुरशी. लॅब्रडॉर, बीगल, कॉकर अशा लोंबत्या कानांच्या पिल्लांचे कान उलटून आतून कोरड्या कापसाने टिपा, जिथवर बोट जातं तिथवरच. कानाला आंबूस वास यायला लागला की घरगुती तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

पिल्लाची लव मोठ्या कुत्र्याच्या केसांसारखी पाणी अडवत नाही. खरे केस चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान यायला लागतात. शिवाय पिल्लू लहान, म्हणजे वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणजे ओलं झालं की झपाट्याने गार पडतं. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी खऱ्या पावसातली पहिली फेरी दोन मिनिटांची, पुढे पाच, आणि महिनाभरात दहा. थरथरायला लागलं तर वेळ संपली, मग घड्याळ काहीही सांगो.

आता पावसाळ्यातला सगळ्यात मोठा वैताग, शी-शूचा. पिल्लाला कशावर बसायचं याची आवड आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पक्की व्हायला लागते. पायाखाली जे लागतं त्यावरून ती ठरते. पाऊस आहे म्हणून जून ते सप्टेंबर वर्तमानपत्रावर बसवलेलं पिल्लू ऑक्टोबरात हिरव्या गवतावर अर्धा तास फिरून येतं आणि घरात शिरल्या शिरल्या पेपर शोधतं. कोरडी जागा म्हणून इमारतीखालच्या पार्किंगची सवय लावली तर पिल्लू पार्किंगलाच संडास समजतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावासकट फोटो येतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक ओली जागा ठरवा. गवताचा कोपरा उत्तम. बाहेर जाता येत नसेल तोवर बाल्कनीत एका पसरट ट्रेमध्ये माती किंवा हिरवळीचा तुकडा, आणि त्यावर दिवसातून एकदा पाणी शिंपडून ठेवायचं. घरात पेपरवर झालीच तर तो ओला कागद उचलून त्या कोपऱ्यात दगडाखाली दाबा. वास पुढचं काम करतो. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आणि खेळून झाल्यावर न्या. पाऊस थांबायची वाट बघत बसलात तर ते तुमची वाट बघणार नाही.

रेनकोट हवाच असं नाही. दहा मिनिटांच्या फेरीला छोट्या केसांच्या पिल्लाला टॉवेल पुरतो. शित्झू, गोल्डन अशा लांब केसांवाल्यांना उपयोग होतो, कारण पोटाचे केस वाळायला तासभर लागतो. घ्यायचाच तर पोट झाकणारा, काखेत न घासणारा घ्या आणि आधी घरात चार दिवस कोरडाच घाला: पहिल्या दिवशी फक्त पाठीवर ठेवून खाऊ, मग एक बंद, मग दोन. घरात आल्याबरोबर काढा. रेनकोटखाली घाम नव्हे, पण दमटपणा साचतो आणि कातडीला खाज सुटते.

पावसातल्या तीन धोक्यांकडे खास लक्ष. पहिला, विजेचे खांब आणि रस्त्याकडेच्या डीपी. ओल्यात करंट उतरतो, आणि कुत्रा खांबावरच पाय वर करतो. पट्टा आखूड धरून पाच-सहा फूट लांबून चाला. दुसरा, खरखरीत पाठीचा मोठा बेडूक, म्हणजे भेक. पिल्लाने तोंडात धरला तर त्याच्या कातडीतलं विष लागून भराभर फेस यायला लागतो. तोंड खाली करून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुनःपुन्हा पुसा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि लगेच दवाखाना गाठा. तिसरा, गोचीड. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या फार वाढतात, टिक फीव्हर त्यांच्यामुळेच होतो. रोज पुसताना कानाच्या मागे, मानेखाली, बोटांमध्ये बोट फिरवा. गोचिडीच्या बहुतेक गोळ्या आठ आठवडे पूर्ण झालेल्या आणि दोन किलोच्या वरच्या पिल्लालाच चालतात, म्हणून दुकानातून थेट आणू नका.

गडगडाट आणि सुतळी बॉम्ब

जुलैतला संततधार पाऊस फारसा गडगडत नाही. आवाज होतो तो एप्रिल-मेच्या वळवाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला. म्हणजे गडगडाटाची तयारी मार्च संपायच्या आत उरकली तर बरं, आणि तीच तयारी दिवाळीलाही कामी येते.

ढगांचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवरून वाजवून उपयोग नाही. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून खालचा, छातीत घुमणारा आवाज येतच नाही. मोठा स्पीकर घ्या. जेवणाच्या वाटीशेजारी पिल्लू असताना आवाज इतका हळू ठेवा की त्याचा फक्त एक कान वळेल आणि तोंड वाटीतून निघणार नाही. तीन-चार मिनिटं, दिवसातून एक-दोनदा. दोन दिवस काही झालं नाही की एक पायरी वाढवा. जांभया देणं, ओठ चाटणं, शेपूट आत घेणं, कान मागे चिकटवणं ही घाईची खूण. खाणं थांबवलं तर आवाज फारच वर गेला. दोन पायऱ्या खाली या. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास बऱ्याच पिल्लांना एक भित्रा टप्पा येतो, त्या दिवसांत आवाज वाढवायचा नाही, आहे तिथे ठेवायचा.

आता एक बारकावा, ज्यावर सगळं अवलंबून आहे. आधी गडगडाट, मग चिकन. उलटं केलंत, म्हणजे वीज चमकताना चिकन दाखवलं आणि मागून आवाज आला, तर पिल्लू शिकतं की चिकन दिसलं म्हणजे आता काहीतरी कोसळणार. खऱ्या वादळात चिकनची वाटी हातात घेऊन बसा. आवाज झाला, एका सेकंदात तुकडा. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. बाकी वेळ गप्पा मारा, वर्तमानपत्र वाचा.

रेकॉर्डिंग अर्धंच काम करतं हेही लक्षात असू द्या. त्यात विजेचा लखलखाट नसतो, हवेचा बदललेला दाब नसतो, मातीचा वास नसतो. तरीही ज्या पिल्लाने आवाज ऐकलेला असतो ते खऱ्या वादळात लवकर सावरतं. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतलं तर भीती वाढते असं म्हणणारे अजून भेटतात. भीती म्हणजे खोडी नव्हे, की लाड केल्याने वाढावी. त्याला कुशीत यायचं असेल तर येऊ द्या, पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्या; ओढून बाहेर काढू नका. पडदे ओढा, पंखा मोठा करा. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळची फेरी सहाच्या आत उरकायची, आणि पट्टा दोन ठिकाणी अडकवायचा, एक कॉलरला, एक हार्नेसला. फटाक्याला बिचकलेलं पिल्लू कॉलरमधून मान सहज काढून घेतं.

ऊन: विदर्भातलं वेगळं, कोकणातलं वेगळं

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गादीतून, नावापुरता. शरीर गार करायचं मुख्य साधन म्हणजे धापा: जिभेवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उष्णता घेऊन जातं. म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत धापा निदान काम करतात, बशर्ते पाणी मिळत राहिलं. रत्नागिरी, मुंबई, गोव्याच्या ३४ अंशांत हवेतच इतका दमटपणा की जिभेवरचं पाणी उडत नाही, आणि आकडा कमी दिसूनही पिल्लू जास्त तापतं. कूलरचंही तेच. विदर्भ-मराठवाड्यात वाळ्याचा कूलर उत्तम, समुद्रकाठी तो खोली आणखी चिकट करतो. तिथे पंखा आणि ओली फरशी बरी.

उन्हाची सवय शरीराला लागायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तीही तीन महिन्यांच्या पुढच्या निरोगी पिल्लाला. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला पाच मिनिटं, दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवत पंधरा-वीसपर्यंत. दुपारच्या उन्हाची सवय लावायची नसते, ती कुठल्याच कुत्र्याला लागत नाही. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तास-दीड तास तापलेलंच असतं. बाहेर ३५ अंश असताना उन्हातलं डांबर ५५ च्या पुढे जातं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. आपल्याला उचलावीशी वाटली तर पिल्लाच्या कोवळ्या गाद्या भाजणार.

पाणी दर किलो वजनाला दिवसाला साधारण ६० ते १०० मिली. पाच किलोच्या पिल्लाला म्हणजे अर्धा लिटरपर्यंत, कोरडा खाऊ खाणाऱ्याला वरच्या टोकाचं. दोन ठिकाणी ठेवा, सावलीत, मातीच्या पसरट भांड्यात. स्टीलची वाटी उन्हात पोळते. ओला टॉवेल पाठीवर पांघरून ठेवू नका. पाच मिनिटांत तो गरम होतो आणि घोंगडीसारखं काम करतो. त्याऐवजी ओलं तरट खाली अंथरा. पोटाला केस कमी, तिथून उष्णता पटकन निघते. दोन-तीन इंच पाण्याचा टब ठेवला की बहुतेक पिल्लं स्वतःच जाऊन बसतात. एसी लावत असाल तर २५-२६ वर, आणि तिथून थेट रणरणत्या उन्हात नेऊ नका. पाच-दहा मिनिटं जिन्यात थांबा.

उन्हाळा आला म्हणून जर्मन शेफर्ड, गोल्डन, पॉमेरेनियन यांचं मुंडण करणं चूक. दुहेरी केसांचा तो थर ऊनही अडवतो, आणि एकदा मशीन लावली की पुष्कळदा केस पहिल्यासारखे येत नाहीत. खालची सुटी लव विंचरून काढा, तेवढं पुरे. पग, बुलडॉग, शित्झू यांचं नाक आखूड, धापेची वाट अरुंद. त्यांच्यासाठी वरच्या सगळ्या वेळा अर्ध्या धरा. आणि हस्कीला विदर्भातल्या मेची सवय कशी लावायची असा प्रश्न असेल, तर उत्तर असं की लावता येत नाही. तो विचार पिल्लू आणायच्या आधीचा.

बंद गाडीत दोन मिनिटंसुद्धा ठेवू नका. बाहेर ३० अंश असताना दहा मिनिटांत आत ४० च्या आसपास होतं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. उष्माघाताची चिन्हं: थांबतच नाही अशी धाप, चिकट तार धरणारी लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी. अशा वेळी आधी गार करा, मग न्या. सावलीत घेऊन अंगभर पाणी ओता, पंखा लावा, आणि ओल्याच अंगाने दवाखान्यात निघा. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. एक मात्र बघा: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी कढत असतं. हात लावून बघा, गरम असेल तर माठातलं ओता. पाणी प्यायला पुढे ठेवा, पण तोंडात ओतू नका. थर्मामीटर असेल तर ३९.५ ला पाणी थांबवा, नाहीतर उलट गार पडतं.

थंडी

मुंबई-कोकणात हा विषय फारसा उरत नाही. निफाड, नाशिक, धुळे, महाबळेश्वर या बाजूला जानेवारीत पहाटेचा पारा एक आकड्यावर येतो, तिथे चार महिन्यांच्या आतलं पिल्लू रात्री बाहेर बांधू नये. थंडी हवेपेक्षा खालून जास्त लागते. शहाबादी फरशीवर नुसती चादर घालून काही होत नाही. खाली पुठ्ठा किंवा लाकडी फळी, त्यावर तरट, त्यावर गोधडी. कारवान (मुधोळ) शिकारी कुत्र्यांसारख्या पातळ कातडीच्या, चरबी नसलेल्या कुत्र्यांना थंडी लवकर बाधते, त्यांच्या पिल्लांना स्वेटर खरंच लागतो. गळ्यात आणि काखेत दोन बोटं शिरतील इतका सैल, रात्री काढून ठेवायचा, कारण पाय अडकून पिल्लं गुरफटतात.

उलट ज्या पिल्लाने थंडी बघितलेलीच नाही त्याला ती शिकवायची तर पंख्याखालची गार फरशी, ओलं तरट, पहाटेची बाल्कनी एवढं भांडवल पुरतं. पाच मिनिटं, खेळत-खेळत, कारण हलत्या पिल्लाला थंडी कमी वाजते. उपाशीपोटी नेऊ नका. लहान पिल्लांची रक्तातली साखर थंडीत झपाट्याने उतरते, मग ते सुस्त होऊन झोकांड्या देतं. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार जेवणं, सहा महिन्यांपर्यंत तीन. अंघोळ दुपारी, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदाच.

अमेरिका-कॅनडात पिल्लू वाढवणाऱ्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या ध्यानात ठेवाव्यात. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ बोटांच्या खाचेत शिरतं, प्रत्येक फेरीनंतर पंजे कोमट पाण्याने धुवा. आणि गाडीतलं अँटीफ्रीझ चवीला गोड असतं, थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

वारा आणि छत्री

वाऱ्याची भीती ही बहुतेक वेळा वाऱ्याने आपटलेल्या दाराची भीती असते. पिल्लू घरात आलं की पहिल्याच दिवशी दारांना अडसर लावा. फडफडणाऱ्या ताडपत्रीची सवय घरात लावता येते: प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्यावर खाऊ, मग त्याचं एक टोक हळूच हलवायचं, मग पंख्यासमोर धरायचा.

छत्रीचं तसंच. आधी उघडी छत्री खोलीत आडवी ठेवून द्या, खाली खाऊ टाका, दोन दिवस पिल्लाला तिच्या आत-बाहेर करू द्या. मग लांबून सावकाश उघडा-मिटा. बटणाची छत्री शेवटी. तिचा खटका आणि एकदम होणारा आकार हे दोन्ही पिल्लाला दचकवतात, म्हणून पहिल्यांदा ती दुसऱ्या खोलीत उघडा आणि उघडीच घेऊन या. पावसातून परत आल्यावर छत्री झटकायची ती जिन्यात, पिल्लाकडे पाठ करून.